डमीचा देह आणि मोझरीचा रस्ता

अमरावतीहून नागपूरच्या वाटेला लागले, नांदगाव पेठचा टोलनाका मागे पडला, की शहरापासून तीसपस्तीस किलोमीटरवर गुरुकुंज मोझरी येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये इथे आश्रम उभा केला. 11 ऑक्टोबर 1968 रोजी ते गेले आणि त्यांची महासमाधीही इथेच झाली. पुण्यतिथीला लाखो गुरुदेवभक्त इथे जमतात आणि सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहतात. याच जागेला लागून देशाचा एक मोठा रस्ता जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग 6 होता, आता 53 आहे. सुरतजवळच्या हजिऱ्याहून निघालेला हा रस्ता थेट ओडिशातल्या पारादीप बंदराला जाऊन भिडतो. त्यामुळे मोझरीच्या थांब्यावर एसटीतून उतरणारी म्हातारी आणि दोन बंदरांमधला माल वाहणारा बहुचाकी ट्रक एकाच डांबरावर येतात. कोणत्याही बाजूने आलात तरी, जाताना किंवा येताना, एकदा तरी रस्ता ओलांडावा लागतोच.

या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत गाड्या बदलल्या आणि गाडी घेणाऱ्याचा प्रश्नही बदलला. पूर्वी पहिला प्रश्न असे, ॲव्हरेज किती देते? आता त्याच्या जोडीला दुसरा आला आहे, किती स्टारची आहे? हा बदल मला मनापासून चांगला वाटतो. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या धडकवून पाहिल्या आणि त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. तेव्हा आपल्याकडे बहुतेकांना असे काही मोजता येते हेच ठाऊक नव्हते. पुढे डिसेंबर 2018 मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप योजना सुरू झाली. तिच्या मूल्यमापनाचे काम पुण्यातली केंद्रीय रस्ते परिवहन संस्था पाहते. दहा वर्षांत एवढी मजल मारली गेली.

पण तारा हे उत्तर आहे, आणि उत्तर वाचण्याआधी प्रश्न वाचावा लागतो. भारत एनकॅपचा प्रश्न असा आहे: गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने एका चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळली, गाडीच्या रुंदीचा 40 टक्के भागच त्या अडथळ्यावर बसला, आणि आत बेल्ट लावून, पाठ सरळ ठेवून, ठरलेल्या अंतरावर बसलेला एक डमी असला, तर त्याच्या डोक्याला, मानेला, छातीला, मांडीला किती मार बसेल? दुसरा प्रश्न बाजूच्या धडकेचा. ताशी 50 वेगाने एक अडथळा येऊन दाराला भिडतो. वरचे तारे हवे असतील तर गाडी ताशी 29 वेगाने बाजूने खांबावर घातली जाते. समोरच्या धडकेतला डमी ‘हायब्रिड थ्री’ घराण्यातला असतो. जनरल मोटर्सने 1970 च्या दशकात घडवलेला हा पुतळा साधारण 78 किलो वजनाचा आणि 175 सेंटिमीटर उंचीचा आहे. तो मध्यम बांध्याच्या अमेरिकन पुरुषाचा प्रतिनिधी.

डमीला जखम होत नाही. त्याच्या डोक्यात त्वरण मोजणारी यंत्रे असतात, बरगड्या किती दबल्या ते सांगणारी पट्टी असते, मांडीच्या दांड्यात दाब मोजण्याची सोय असते. धडक संपते तेव्हा हाती येतात ते आकडे. त्या आकड्यांवरून जिवंत माणसाचे काय झाले असते हे कळायला मध्ये एक पूल लागतो, आणि तो पूल माणसांच्या देहांवर बांधलेला आहे.

ही कथा फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. ह्यू डीहेव्हन नावाचा एक तरुण पहिल्या महायुद्धात वैमानिक होण्याचे शिक्षण घेत होता. 1917 मध्ये त्याचे विमान दुसऱ्या विमानावर आदळून कोसळले. तो वाचला, पण पोटातल्या इंद्रियांना जबर इजा झाली. त्या इजेचा आकार आणि आपल्या पट्ट्याच्या बकलाचा आकार यांचा संबंध त्याच्या ध्यानात आला. बाकी सगळे म्हणत होते, नशीब म्हणून वाचला. त्याला ते उत्तर पुरेना. 1942 मध्ये त्याने पन्नास ते दीडशे फूट उंचीवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मऊ माती, वाकलेले पत्र्याचे छप्पर, जे काही शरीराला थोडे अंतर देऊन थांबवते, ते जीव वाचवते, हे त्याने दाखवून दिले. आज गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात, त्यामागचा विचार तोच आहे.

पुढे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात दान केलेल्या मृतदेहांवर प्रयोग झाले. कवटी किती धक्क्याला तडकते, किती वेळ टिकणारा धक्का मेंदूला पेलवतो, याचा एक आलेख तिथे तयार झाला. त्यातूनच डोक्याच्या इजेचा तो निर्देशांक पुढे आला, ज्याला जगभर ‘एचआयसी’ म्हणतात. ज्या समाजाने वज्रासाठी अस्थी देणाऱ्या दधीचीची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्याला या देहदात्यांचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. आपण बेल्टचे बकल लावतो तेव्हा त्यांच्या हाडांनी दिलेली माहिती आपल्या छातीवरून जाते.

त्या माहितीचे रूप मात्र नीट समजून घेतले पाहिजे. एचआयसीचा आकडा 1000 आला म्हणजे माणूस मेला आणि 999 आला म्हणजे वाचला, असे नसते. सरासरी प्रौढ माणसात 1000 या आकड्याला अतिगंभीर मेंदूइजेची शक्यता साधारण 18 टक्के आणि मध्यम इजेची शक्यता 90 टक्के मानतात. छातीचेही असेच. युरो एनकॅपच्या जुन्या नियमांत डमीची छाती 22 मिलिमीटरपर्यंत दबली तर पूर्ण गुण मिळत, आणि 50 मिलिमीटर दबली तर शून्य. पूर्ण गुणांच्या टोकाला गंभीर इजेची शक्यता 5 टक्के होती, शून्याच्या टोकाला 50 टक्के. म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या छातीतही धोका थोडा उरतोच. हे वाचून मला गाड्यांविषयी अविश्वास वाटत नाही. उलट, जे शास्त्र स्वतःच्या उत्तरातली अनिश्चितता टक्क्यांत सांगते त्याच्यावर माझा विश्वास बसतो. फक्त ही शक्यता कोणाची, हे विचारत राहिले पाहिजे. वय वाढते तशा बरगड्या ठिसूळ होतात. ज्या दाबाला तिशीतला माणूस मुका मार लागून उठून बसेल, त्याच दाबाला सत्तरीच्या माणसाच्या चारपाच बरगड्या मोडू शकतात. मोझरीला येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या सीटवर अशी सत्तरीची माणसे पुष्कळ असतात.

मग प्रयोगशाळेतले हे आकडे रस्त्यावर उतरतात का? स्वीडनच्या संशोधकांनी याचे उत्तर धीराने शोधले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात युरो एनकॅपचे तारे आणि रस्त्यावरचे खरे अपघात शेजारी ठेवले होते. दोन ताऱ्यांच्या गाडीपेक्षा पाच ताऱ्यांच्या गाडीत जिवावर बेतणाऱ्या इजेचा धोका सुमारे 68 टक्क्यांनी कमी दिसला. मृत्यू आणि गंभीर इजा एकत्र धरल्या तर घट 23 टक्के. साऱ्याच इजा मोजल्या तर फक्त 10 टक्के. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेलाही समोरासमोरच्या धडकेत असाच ताळा मिळाला. तिच्या चाचणीत ‘चांगली’ ठरलेल्या गाडीच्या चालकाचा मृत्यूचा धोका ‘वाईट’ ठरलेल्या गाडीपेक्षा 46 टक्क्यांनी कमी होता. स्वीडनच्या त्या तीन आकड्यांची उतरण मला फार बोलकी वाटते. तारे मृत्यूला मोठ्या प्रमाणात अडवतात, अपंगत्वाला थोडे, आणि मानेच्या, पायाच्या, कमरेच्या दुखण्यांना अगदी थोडे. जो जगला त्याच्या उरलेल्या आयुष्यातले दुखणे चाचणीच्या गुणपत्रिकेत फारसे उतरत नाही.

शिवाय तो ताळा स्वीडनच्या रस्त्यांवर, स्वीडनच्या वाहनांच्या गर्दीत जमला आहे. आपला रस्ता वेगळा आहे. एनकॅपची समोरची धडक साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या टकरीचे चित्र उभे करते. समजा 900 किलोची गाडी आणि 1800 किलोची गाडी, दोन्ही ताशी 60 वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या. गणित सोपे आहे. जड गाडीचा वेग 40 ने बदलतो, हलक्या गाडीचा 80 ने. आतल्या माणसाला बसणारा धक्का या बदलावर ठरतो. आता 1800 किलोच्या जागी 25 टनांचा भरलेला ट्रक ठेवा. ट्रकचा वेग जेमतेम 4 ने बदलेल आणि लहान गाडीचा सुमारे 116 ने. दोन्हीकडचे चालक तितकेच दक्ष किंवा तितकेच बेसावध असू शकतात, पण धक्क्याची वाटणी वजन करते. आणि 53 क्रमांकाचा हा महामार्ग मुख्यतः ट्रकांचाच आहे.

वेगाचेही तसेच. जून 2022 मध्ये याच महामार्गावर अमरावती ते अकोला टप्प्यात 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ज्या कामगारांनी उन्हात रात्रंदिवस हे काम केले त्यांचे कौतुक वाटते, आणि वऱ्हाडच्या माणसाला त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. चांगला रस्ता झाला की वेगही वाढतो. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आपल्याकडच्या सक्तीच्या चाचणीतला वेग 56 आहे आणि ताऱ्यांच्या चाचणीतला 64. आठ किलोमीटरचाच फरक, तरी ऊर्जा 30 टक्क्यांनी जास्त. 64 वरून 100 वर गेलात तर ती जवळजवळ अडीचपट होते. पाच तारे मिळवलेली गाडी 100 च्या धडकेत कशी वागेल, हे त्या चाचणीने कधी विचारलेलेच नाही.

कापसाच्या हंगामात संध्याकाळनंतर या रस्त्यावर मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली असते, कडेला बंद पडून उभा राहिलेला ट्रक असतो. त्याच्या मागून गाडी शिरली तर बोनेट खालून आत जाते. चुरगळण्यासाठी बनवलेला पुढचा भाग चुरगळायला काही सापडतच नाही, आणि ट्रकची कड थेट काचेच्या उंचीवर येते. डीहेव्हनने शोधलेले ते जीव वाचवणारे अंतर इथे नाहीसे होते. ट्रकमागचा मजबूत लोखंडी दांडा आणि ट्रॉलीमागची लाल परावर्तक पट्टी यांना कोणी तारे देत नाही, पण पाच ताऱ्यांच्या गाडीचे तारे शाबूत राहणे पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असते.

आणखी एक गोष्ट चाचणी गृहीत धरते. डमी कधी बेल्ट विसरत नाही. महाराष्ट्राने या एका गृहीतकाची किंमत फार मोठी मोजली आहे. 3 जून 2014 च्या सकाळी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. मागच्या सीटवर, ज्या बाजूला ते बसले होते त्या बाजूला दुसरी गाडी येऊन धडकली. यकृताला इजा होऊन आत रक्तस्राव झाला, मानेच्या मणक्याला मार लागला. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मागच्या सीटचा बेल्ट शोभेचा असतो हा गैरसमज त्यांच्या मृत्यूशी जोडला होता. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी नामांकित, भक्कम. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात समोर आले. इथे भारत एनकॅपच्या नियमातली एक बाब सांगितलीच पाहिजे. समोरच्या धडकेत प्रौढ डमी पुढच्या दोन सीटांवर असतात. मागे असतात त्या लहान मुलांच्या डमी. म्हणजे आपल्याकडे जी जागा मानाची समजली जाते, जिथे वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना, नेत्यांना बसवले जाते, तिथल्या मोठ्या माणसाच्या देहाचे काय होते ते ही चाचणी मोजत नाही.

बाईच्या देहाचेही अपुरेच मोजले गेले. 2011 च्या एका अमेरिकी अभ्यासात, सारख्याच धडकेत बेल्ट लावलेल्या स्त्री-चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा 47 टक्क्यांनी जास्त आढळली. बरीच वर्षे ‘स्त्री-डमी’ म्हणून जो वापरला गेला तो पुरुष-डमीच लहान करून बनवलेला होता, जेमतेम 49 किलोचा. मध्यम बांध्याच्या स्त्रीचा डमी स्वीडनमध्ये तयार झाला तो अगदी अलीकडे. आणि लुगडे नेसून, एका बाजूला पाय सोडून, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलेली आपल्याकडची आई? तिच्यासाठी साडी गार्ड आणि धरायला मूठ असावी, असा मोटार वाहन नियमांत नियम आहे. पण तिच्या बसण्याचा डमी माझ्या माहितीत जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

कारण तारे मोजतात ते गाडीच्या आतल्या माणसांचे. पादचाऱ्याला लागणाऱ्या गाडीच्या पुढच्या भागासाठी वेगळा नियम आहे, पण गुण आतल्या मोठ्यांचे आणि आतल्या मुलांचे. आता केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाचा 2022 चा अहवाल उघडा. त्या वर्षी देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची आणि 19.5 टक्के पायी चालणारी. म्हणजे दर शंभरातली चौसष्ट माणसे अशी, की त्यांच्या भोवती गाडीचा पत्राच नव्हता. चाचणीतल्या वेगाचा आकडा आणि हा आकडा एकच यावा हा योगायोग आहे, पण एकदा दिसल्यावर तो माझ्या मनातून जात नाही.

पादचाऱ्याच्या धोक्याचे गणित अपघातस्थळीच करावे लागते. रोसेन आणि सँडर या दोघांनी 2009 मध्ये जर्मनीतल्या नोंदींवरून असे दाखवले, की ताशी 50 वेगाच्या गाडीने उडवलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका 40 च्या दुपटीहून जास्त आणि 30 च्या पाचपटीहून जास्त असतो. त्यांच्या लेखातली दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. त्याआधीचे पुष्कळ अंदाज यापेक्षा खूप जास्त होते. कारण नोंदीत गंभीर अपघातच जास्त आले होते. खरचटून उठलेला माणूस कोणी लिहिलाच नव्हता. धोका हा भागाकार आहे. वर मेलेले आणि जखमी, खाली धडकेत सापडलेले सगळे. खालचा आकडा अपुरा असला की वरचा कितीही अचूक असो, उत्तर चुकते. आपल्या गावांत किरकोळ धडक आपसात मिटते. आरसा फुटला, गुडघा फुटला, चार लोक मध्ये पडले, पैसे दिले-घेतले, विषय संपला. समजूतदारपणा म्हणून ते चांगलेच, पण त्या धडकेने जे शिकवले असते ते तिथेच विरते.

जी नोंद होते ती कायद्यासाठी होते. भारतीय दंड संहितेचे कलम 320 आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम 116 गंभीर दुखापत कोणती ते सांगते. हाड मोडणे, सांधा निखळणे, दात तुटणे, डोळा जाणे, जिवाला धोका होणे, ठरावीक दिवस तीव्र वेदनेत काढावे लागणे. हे दिवस पूर्वी वीस होते, आता पंधरा आहेत. या यादीत तुटलेला दात आणि फाटलेले यकृत एकाच रकान्यात येतात. शिक्षा ठरवायला ते पुरत असेल. अपघातशास्त्रात मात्र प्रत्येक इजेला 1 ते 6 अशी श्रेणी आणि शरीराची नेमकी जागा देतात, कारण त्यांचा प्रश्न निराळा असतो. ही बरगडी स्टिअरिंगने मोडली, बेल्टने की दाराने? पंचनाम्यात गाडी कुठे चेपली ते असते. रुग्णालयाच्या कागदात आणि शवविच्छेदन अहवालात शरीर कुठे चेपले ते असते. हे दोन कागद एकमेकांशी बोलले, तर प्रत्येक अपघात एक पूर्ण झालेली चाचणी ठरेल. आज ते एकाच फाइलमध्ये टाचलेले असतात, आणि फाइल दोषी कोण एवढे ठरवून बंद होते.

हे होऊ शकते याचे पुरावे आपल्याकडेच आहेत. कोइम्बतूर, पुणे आणि इतर काही ठिकाणी 2011 पासून चाललेल्या ‘रासी’ या उपक्रमात संशोधक अपघातस्थळी जातात, गाडीचा चेपलेला भाग मोजतात आणि इजांची श्रेणी लावतात. पोलिसांच्या हाती आता केंद्र सरकारचे ‘आयरॅड’ ॲप आहे, आणि महाराष्ट्र त्याच्या पहिल्या सहा राज्यांत होता. जागा, फोटो, वाहन, सारे त्यात जाते. इजेची नेमकी जागा आणि श्रेणीही त्यात यावी, यासाठी अमरावतीच्या इर्विनसारख्या जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरच्या हाताला वेळ आणि शेजारी एक प्रशिक्षित नोंदणीस लागेल. ही मागणी फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

विल्यम हॅडन या सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टरने अपघाताकडे साथीच्या रोगासारखे पाहायला शिकवले. ऊर्जा हा त्यातला रोगजंतू. ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत ग्रामआरोग्याचा विचार आहे, आणि तिथेही आरोग्य एकट्याचे नसून साऱ्या गावाचे आहे. मग रस्त्यावरची इजाही गावाच्या आरोग्यातच मोडते. एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातप्रवण, ठरवायला मात्र आपल्याकडे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. एवढी वाट पाहण्याचे कारण नाही. पुण्यतिथीच्या सप्ताहात मोझरीला सेवक मंडळी गर्दी सांभाळायला उभी असतातच. त्यातल्या काहींनी वही घेऊन ठरावीक तास मोजले, किती जणांनी कोणत्या जागी रस्ता ओलांडला, त्यात किती म्हातारे, किती मुले, येणारी गाडी साधारण किती वेगात होती, कोणाला जोरात ब्रेक लावावा लागला, कोण धावत सुटले, तर धोक्याच्या त्या भागाकारातला खालचा आकडा पहिल्यांदा हाती येईल. पुण्याच्या प्रयोगशाळेकडे तो नाही आणि दिल्लीच्या अहवालातही नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी त्याच तासांना पुन्हा मोजता येईल, मध्ये गतिरोधक झाला असेल तर त्याने काय केले ते ताडून पाहता येईल.